वाजलं का?

गुरुवारी एर्मेस विझिन्तीन येतो,
अकराच्या सुमाराला, बाजार आटोपून,
आणि कोपऱ्यातल्या टेबलाशीच बसतो.
बाकी टेबलांवर मी प्लॅस्टिक घातलं;
हे एकच जुनं, संगमरवरी, कडेचा टवका उडालेलं.
कॉफी नंतर. आधी नाणं.

खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची डबी निघते,
डबीतून कापूस, कापसातून
एखादं मेलेलं राज्य.

पार्माची डचेस, मानेवर कुणाच्या तरी अंगठ्याची झीज.
तोस्कानाचा फ्रान्चेस्कोने, ठेवणीतल्या चमच्यासारखा काळपट.
लुक्काचा स्कूदो: घोड्यावर संत मार्तिनो,
तलवारीने स्वतःचा झगा कापतोय
शेजारच्या भिकाऱ्यासाठी.
अडीचशेच्या वर वर्षं झाली,
झगा अजून कापून झालेला नाही.

"हे सगळे देश होते, निवेस," तो म्हणतो,
"प्रत्येकाला नाका होता,
आणि नाक्यावर माझ्यासारखा एक गाढव,
कंदील घेऊन गाडीखाली वाकलेला."

तो स्वतः एकतीस वर्षं कासा रोसाच्या नाक्यावर.
अलीकडे आमचं गोरिझिया, पलीकडे युगोस्लाव्हिया,
मग पलीकडे स्लोव्हेनिया,
मग पलीकडे असं काही उरलंच नाही, नुसता पुढचा रस्ता.
अडसर काढला त्या रात्री लोक नाचले.
हा टोपी काखेत मारून घरी गेला.
महिन्याभरात पहिलं नाणं घेतलं.
का, ते मी कधी विचारलं नाही.

नाणं वाजवून घ्यावं, हे त्याला बापाने शिकवलं.
वीतभर उंचीवरून सोडायचं.
खरी चांदी लांबवर बोलत जाते,
शेवटी आवाजाचा एक बारीक धागा उरतो,
तो तुटेपर्यंत श्वास घ्यायचा नाही.
खोटं नाणं खोकतं.

पण तीन वर्षांपासून कान गेलेत त्याचे.
यंत्र लावतो, त्यात म्हणे फक्त बशा आदळतात.
म्हणून सोडतो तो, ऐकते मी.
कॉफीचं मशीन बंद करते, पत्ते खेळणाऱ्यांना दटावते,
आणि तो माझ्या तोंडाकडे बघतो,
पूर्वी पासपोर्टाकडे बघायचा तसा.
"वाजलं का?"
"वाजलं."

या गुरुवारी दोन सिसिलींच्या राज्याचा पियास्त्रा.
एकशेवीस ग्राना, दाढीवाला राजा,
कडेवर लॅटिन: उत्तम राजाच्या दूरदृष्टीने.
ते वाचून तो खूप हसला.
नापोलीहून पोस्टाने मागवलेला.
किती मोजले ते बोलला नाही,
पण बुटांना तळ उरलेला नाही त्याच्या.
सोडला.
ठप्प.
ओव्हरकोटाचं बटण पडावं तसं.

मी नऊ वर्षांची होते.
मावशीबरोबर पलीकडून येताना
माझ्या कोटाच्या आत दोन किलो मांस,
पोटाशी गार, कागदातून ओलं.
तो वाकला. मिशा काळ्या होत्या तेव्हा.
"काही जाहीर करायचंय, बाईसाहेब?"
मी म्हटलं, नाही.
एक थेंब माझ्या बुटावर पडला.
त्याने तो पाहिला.
मग आभाळाकडे पाहिलं, म्हणाला,
बर्फ पडेलसं दिसतंय, पळा.

"वाजलं का?"
"वाजलं," मी म्हटलं. "अगदी खणखणीत."

तो काही बोलला नाही.
नाणं कापसात, कापूस डबीत.
कॉफी घेतली, आणि साखर न घालताच
बराच वेळ ढवळत बसला.
तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं:
त्याचा डावा तळहात
नाणं पडलं तेव्हापासून
दगडावर सपाट टेकलेला होता.

दारात टोपी चढवताना वळला.
"बर्फ पडेलसं दिसतंय," म्हणाला.

बाहेर मे महिना. चौकात पोरं आइस्क्रीम खात होती.